मोठा नंबर, छोटी फ्रेम

माझं सगळं तोंड मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी सतरा वर्षांची होते. आरसा घरात होता, पण तो मला कामाचा नव्हता. नाकाला टेकेल इतका जवळ धरला की एक डोळा दिसायचा, नाही तर नाकाचा शेंडा, नाही तर ओठाचा कोपरा. जरा लांब धरला की सगळं विरघळून जायचं. कुंकू मी बोटानं चाचपून लावायची. बाकीच्यांनाही असंच दिसत असणार, असं मी धरून चालले होते.

आम्ही अंबडला राहायचो. माझे वडील कचेरीत वकील होते. मूळचं शेत घनसावंगीकडं, पण ते बटईनं दिलेलं. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो आणि आईला माय. मी त्यांची एकुलती एक. घरात मला सगळे चुळबुळी म्हणायचे. एका जागी मी बसतच नव्हते, कारण बसल्या जागेवरून मला काही दिसत नव्हतं. कोण आलं ते बघायला उठून दारापर्यंत जावं लागायचं. माय म्हणायची, "हिच्या पायाला चाकं आहेत." डोळ्यांचं कुणाच्या ध्यानात आलं नाही. ते आलं दादांच्या, आणि तेही उशिरानं. एकदा ते कचेरीतून लवकर आले आणि अंगणात नुसतेच उभे राहिले. मी ओसरीवर तांदूळ निवडत होते. ताट डोळ्यांशी धरून. मी वर पाहिलं आणि म्हणाले, "दादा घरी न्हाईत. संध्याकाळी या."

दादा आत जाऊन मायशी बराच वेळ हळू आवाजात बोलत राहिले.

आठवडाभरात आम्ही तिघं मोटारीनं जालन्याला निघालो. दादांना माझे डोळे दाखवायचे होते. मायला माझा फोटो काढायचा होता, कारण परभणीकडच्या एका घरानं फोटो मागितला होता. एकाच फेरीत दोन्ही कामं होतील असं ठरलं. ही दोन कामं एकमेकांच्या आड येणार आहेत हे तेव्हा कुणाला सुचलं नाही. वाटेत माय दोनदा म्हणाली, "आधी फोटो, मंग दवाखाना." दादा म्हणाले, "दवाखाना दुपारी बंद होतो." माय पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली.

दवाखान्यात एका डॉक्टरीणबाईंनी माझ्या नाकावर लोखंडाची जड चौकट ठेवली आणि तिच्यात एकेक भिंग घालायला सुरुवात केली. समोरच्या पाटीवर अक्षरं होती असं त्या म्हणत होत्या. मला पाटी आहे एवढंच कळत होतं. एक भिंग, त्यावर दुसरं, मग दोन्ही काढून तिसरं. मी सारखी मान हलवत होते आणि त्या माझी हनुवटी धरून सरळ करत होत्या. आणि मग अक्षरं आली. काळी, टोकदार, एकमेकांपासून सुटी.

पण मला अक्षरांचं काही वाटलं नाही. मी मान वळवली, तर पलीकडच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून एक बाई बसली होती. मांडीवर पोर होतं. ती बाई माझ्याकडं बघत होती. चांगली निवांत, टक लावून बघत होती, आणि मी तिच्याकडं पाहिल्यावर हसली.

लोक इतक्या लांबून बघतात हे मला माहीतच नव्हतं. मला दिसत नाही, म्हणजे मीही कुणाला दिसत नाही, असं मी कुठंतरी आत धरून बसले होते. अंगणात वेणी सोडून उभी राहायची, गच्चीवर एकटीच गाणी म्हणायची, रडू आलं तर आडावर जाऊन रडायची. आता ते सगळं एकदम आठवलं, आणि प्रत्येक ठिकाणी कुणीतरी उभं होतं असं वाटायला लागलं.

डॉक्टरीणबाईंनी चौकट काढून घेतली. बाई गेली, व्हरांडा गेला. दोन्ही डोळ्यांचा नंबर दहाच्या पुढचा निघाला. "इतके दिवस ही चालली कशी?" असं त्यांनी दादांना विचारलं. दादा खाली बघत असावेत. मला दिसलं नाही.

चष्म्याचं दुकान जुन्या जालन्यात होतं, कापडाच्या दुकानांच्या ओळीत, एका अरुंद जिन्याखाली. दुकानदार म्हातारे होते, घरी उर्दू बोलणारे. आमच्याशी मात्र अर्धं दखनी अर्धं मराठी बोलायचे. दादा त्यांना चाचा म्हणाले, म्हणून मीही म्हणाले. त्यांनी नंबराची चिठ्ठी वाचली आणि माझ्याकडं पाहून नुसतं "अरे बेटी" म्हणाले. मग लाकडाचे खण बाहेर काढले.

मायनं आधीच सांगून टाकलं, "बारीक तारेची द्या. तोंडावर दिसली न पाहिजे."

"बाईसाब," चाचा म्हणाले, "तार बारीक, लेकिन काच तर जाडी राहणार ना. तारेच्या भाईर निघंल. बाजूनं पाहिलं तर सगळी काचच काच दिसंल."

"मंग?"

"नंबर मोठा है, तर फ्रेम छोटी लेना. आणि जरा जाड्या काठाची. काच काठात लपती, नाकाला बी टोचत न्हाई."

त्यांनी माझ्या नाकावर एक फ्रेम ठेवली. मग दुसरी. कानामागं काड्या अडकवल्या, काढल्या, पुन्हा अडकवल्या. माझ्या तोंडासमोर आरसा धरला आणि म्हणाले, "देखो बेटी, कैसी लगती?"

मी बघितलं. आरशात एक गव्हाळ डाग होता.

मी आरसा हातात घेऊन जवळ ओढला. फ्रेम आरशावर आपटली. नाक वाकडं करून पाहिलं तर काठाचा एक तुकडा दिसला, तपकिरी. बाकी काही नाही. फ्रेमी सगळ्या रिकाम्या होत्या. भिंगं बसल्यावर मला दिसणार होतं, पण भिंगं एकदा बसली की फ्रेम बदलता येणार नव्हती. डोळस माणसाला चष्मा निवडता येतो. ज्याला चष्म्याची गरज आहे त्याला येत नाही. हे त्या जिन्याखाली उभं राहून मला कळलं.

माझ्या तोंडाविषयी ते तिघं बोलत राहिले. माय म्हणाली, सोनेरी तारेचीच बरी, दागिन्यासारखी वाटते. दादा म्हणाले, तपकिरी भक्कम आहे, लवकर मोडायची नाही. चाचांनी दुकानासमोरून जाणाऱ्या ओळखीच्या कापडवाल्यालाही थांबवलं. तो म्हणाला, "काळी घ्या, वकीलसाहेबांच्या पोरीला शोभंल." कुणीही यायचं, माझ्याकडं बघायचं आणि सांगायचं. मी एकटीच बघू शकत नव्हते. मी एका पायावरून दुसऱ्या पायावर होत राहिले.

"नीट उभी राह्य ना," माय म्हणाली.

"मला दिसून न्हाई राह्यलं, माय."

"आम्हाला दिसतंय की. आम्ही काय वैरी आहोत का?"

वैरी नव्हते. पण ही वस्तू झोपायची वेळ सोडून सगळा जन्म माझ्या तोंडावर बसणार होती, आणि ती बसवायला सगळे होते, मी सोडून.

फोटोची गोष्ट मला त्याच क्षणी सुचली. कागद मला दिसायचा. चार बोटांवर धरला की मुंगीचे पायही मोजता येतील इतका स्वच्छ दिसायचा. मी म्हणाले, "दादा, आपण फोटो काढायलाच आलोय ना? मंग या फ्रेमी घालून काढा. मी फोटोत बघीन आणि सांगीन."

माय एकदम उसळली. "चष्म्याचा फोटो? तो काय लोकांना दाखवायचाय?"

"तुला पाहिजे तो बिनचष्म्याचा काढ. माझे वेगळे काढ."

तेव्हा महायुद्धाची लढाई चालू होती. फोटोच्या प्लेटा मिळत नव्हत्या असं जो तो म्हणायचा. मला वाटलं दादा नाही म्हणतील. ते चाचांना म्हणाले, "तासाभरासाठी दोन फ्रेमी द्याल का?" चाचांनी सोनेरी आणि तपकिरी अशा दोन काढून कागदात गुंडाळल्या, गल्ल्याला कुलूप लावलं आणि स्वतःच आमच्याबरोबर निघाले.

फोटोवाल्याची खोली दोन गल्ल्या सोडून होती. मागं तळ्याचा आणि हंसांचा पडदा. त्यानं मला खुर्चीवर बसवलं आणि हलू नको म्हणाला. मला ते जमेना. एका फोटोत माझा हात हललाच. माय मागून सारखी पुटपुटत होती, "श्वास धर, श्वास धर." आधी तिच्या मनासारखा काढला, केसांत फुलं, उघडे डोळे. मग सोनेरी. मग तपकिरी. फोटोवाला काळ्या फडक्याखालून म्हणाला, "बाई, काच नसलेला चष्मा घालून फोटो काढणारी तुम्हीच पहिली."

फोटो यायला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत मी घरातल्या सगळ्या वस्तू उचलून पुन्हा ठेवल्या असतील. दादा कामासाठी जालन्याला गेले आणि येताना पाकीट घेऊन आले. मी त्यांच्या हातातून ते जवळजवळ ओढूनच घेतलं आणि खिडकीशी गेले.

वरचा फोटो तपकिरी फ्रेमचा होता. मी तो डोळ्यांशी धरला. एक मुलगी होती. कपाळ रुंद, हनुवटीवर खळी, ती मला माहीत होती, बोटाला लागायची. भुवया मायसारख्या. नाकावर दोन गोल होते आणि ते तिथं अगदी बरोबर होते, जसे काही जन्मापासून असावेत. मी पुष्कळ वेळ बघत राहिले. मग सोनेरीचा पाहिला. ती मुलगी जरा घाबरलेली वाटली. मग फुलांचा पाहिला आणि मला ती मुलगी ओळखूच येईना. तोंड उघडंबोडकं, उपाशी, काहीतरी हरवल्यासारखं.

"तपकिरी," मी म्हणाले.

माय शेजारी येऊन उभी राहिली होती. तिनं फुलांचा फोटो उचलला. "ही माझी लेक," ती म्हणाली. "ही." मग तपकिरीवर बोट ठेवून म्हणाली, "ही कोण मास्तरीण बसलीय, मला न्हाई ठाऊक."

"मला हीच ठाऊक आहे," मी म्हणाले.

ती माझ्याकडं बघत राहिली असावी. मग फुलांचा फोटो पदराखाली घेऊन आत गेली. दुसऱ्या दिवशी तो परभणीला गेला. दादांनी एवढंच विचारलं, "चष्म्याचं सांगायचं न्हाई का?" माय म्हणाली, "चष्मा अजून आलाय कुठं?"

ते खरंच होतं. भिंगं मुंबईहून यायची होती. संक्रांत गेली, होळी गेली. चाचांचा निरोप यायचा, माल नाही. मग निरोप आला, माल निघाला. मग, करोडगिरीच्या नाक्यावर पार्सल अडकलंय. निजामाच्या हद्दीत येणारी प्रत्येक वस्तू जकातीसाठी त्या नाक्यावर उघडून बघायचे. माझे डोळे कुठल्या तरी नाक्यावर गवतात गुंडाळून पडलेत, असं मला वाटायचं. दवाखान्यात ते एकदा पाहिलं नसतं तर बरं झालं असतं. आधी मला काही दिसत नव्हतं आणि काही वाटत नव्हतं. आता अंगणात जायचं म्हणलं तरी मी पदर सावरायची, कारण कोण बघतंय ते कळत नव्हतं. गच्चीवर जाणं मी बंद केलं. जेवणात लक्ष नव्हतं. रात्री कूस बदलून बदलून माझी चटई जागेवरून सरकायची.

चैत्रात दादा चष्मा घेऊन आले. मी तो घातला आणि पहिल्यांदा जमीन वाकडी झाली. ओसरीची पायरी फार खाली गेली. मी पाय टाकला आणि बसलेच. डोकं दुखायला लागलं. दादा म्हणाले, "हळूहळू घाल, जल्दी करू नको." मी काढला नाही. भिंत धरून सगळं घर फिरले. आढ्याला कोळिष्टकं होती. दादांचे केस कानांवर पांढरे झाले होते. मायच्या गालावर वांगाचा डाग होता. मी तो बघतेय हे कळल्यावर तिनं तोंड फिरवलं.

मग मी आरसा घेतला, हात लांब करून धरला. फ्रेम फोटोतल्यासारखीच होती. पण डोळे तसे नव्हते. फोटोत फ्रेम रिकामी होती. आता मधे भिंग आलं होतं आणि त्या जाड काचेमागं माझे डोळे हरभऱ्याच्या दाण्याएवढे झाले होते. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. चाचांना ठाऊक असणारच. मी आरसा पालथा घातला. थोड्या वेळानं पुन्हा उचलला. तो दिवसभर मी आरसा पालथा घालत आणि उचलत राहिले.

पुढच्याच महिन्यात परभणीची माणसं आली. मुलगा, त्याचे वडील, काका आणि एक आत्या. मायनं सकाळीच माझा चष्मा काढून स्वयंपाकघरातल्या कोनाड्यात ठेवला. "तासाभराचा सवाल आहे," ती म्हणाली. तिचा आवाज कापत होता, म्हणून मी वाद घातला नाही.

मी पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर गेले. समोर चार आकार होते. पाया पडले, बसले. कुणीतरी विचारलं, "नाव काय?" मी आवाजाच्या दिशेनं पाहून नाव सांगितलं, आणि कुणीतरी खुदकन हसलं. मी चुकीच्या माणसाकडं पाहिलं होतं. मग दुसरीकडून प्रश्न आला, "वाचता येतं का?" मी तिकडं वळले. हातांना काही सुधरत नव्हतं; मी बांगड्या फिरवत होते. ते बघतायत हे मला माहीत होतं. चौघंही बघतायत, कुठून कुठून बघतायत, आणि मला एकाचंही तोंड दिसत नाही. तो मुलगा कोणता, हेही मला ठरवता येत नव्हतं. त्या व्हरांड्यातल्या बाईनं निदान हसून दाखवलं होतं.

मी उठले. कुणाला काही न सांगता आत गेले, कोनाड्यातून चष्मा घेतला, कानांवर काड्या अडकवल्या आणि परत येऊन त्याच पाटावर बसले.

मग मी एकेकाकडं पाहिलं. वडील जाड होते, घाम पुसत होते. काकांचा एक दात पुढं होता. हसले होते ते तेच. आत्याच्या हातात बशी तशीच राहिली होती. मुलगा गोरा होता, देखणा होता, आणि मी पाहिल्याबरोबर त्यानं मान खाली घातली आणि शेवटपर्यंत वर केली नाही.

"नंबर किती?" आत्यानं विचारलं.

मायनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण दादाच आधी बोलले. "दहाच्या वर. दोन्ही डोळ्यांचा. आम्ही आधीच कळवायला पाहिजे होतं."

त्यांनी पोहे संपवले, चहा घेतला, नीट निरोप घेतला. महिनाभरानं कुणाकडून तरी कळलं की त्यांनी दुसरीकडं जमवलं.

माणसं गेल्यावर माय चुलीपाशी बसून राहिली. निखारे मागं ओढत म्हणाली, "उठलीस काऊन?"

"कोण बोलून राह्यलंय तेच कळत नव्हतं मला."

"मला हाक मारायची. मी आले असते शेजारी."

"आणि जन्मभर शेजारी बसली असतीस का?"

ती रडली. मीही रडले, आणि रडताना चष्मा काढून पुसावा लागतो हे तेव्हा पहिल्यांदा कळलं. तिनंच तो माझ्या हातातून घेतला आणि आपल्या पदरानं पुसला. पुसून पुसून काचेवर तेलाचे डाग पाडले. "केवढी जाड काच ही," म्हणाली, "माझ्या पोरीच्या नाकाला ओझं." तिचा राग परभणीच्या माणसांवर होता की माझ्यावर, हे मला कळलं नाही. पुढं बरेच दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलायची. मी घरात येरझारा घालायची, आणि ती म्हणायची, "आता दिसतंय ना सगळं? मंग बस की."

मला बसवत नव्हतं. गच्चीवर पुन्हा जायला लागले. कोण कुठं उभं आहे ते आधी बघून घ्यायची. पलीकडच्या घरातली सून वाळवण घालताना तोंडातल्या तोंडात बोलायची, तिचं ते बोलणं मी ओठांवरून ओळखायला शिकले. हे बरं नव्हे, हे मला कळत होतं.

पुढच्या वर्षी घनसावंगीला नात्यातल्या एका लग्नाला आम्ही गेल्तो. मी चष्मा घालून वाढत होते. पंगतीतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी माझ्याकडं पाहिलं आणि मीही त्यांच्याकडं पाहिलं. संध्याकाळी त्यांनी दादांना गाठलं. त्यांच्या मुलासाठी. माय घाईघाईनं म्हणाली, "पण तिचा चष्मा..." त्या म्हणाल्या, "चष्मा आहे ते दिसलं मला. दुसरं काही सांगायचं असलं तर सांगा."

दुसरं काही नव्हतं. लग्न झालं.

सासर गोदावरीच्या काठावर होतं. लग्नानंतर चार-पाच दिवसांनी माझे यजमान मला नदी दाखवायला घेऊन गेले. नदी मी लहानपणी पाहिली होती, म्हणजे पाण्याचा आवाज ऐकला होता आणि पाय भिजवले होते. आता पलीकडचा काठ दिसत होता. तिथं माणसं होती. एक जण बैल धूत होता. दोन बायका कपडे आपटत होत्या. आपटलेलं आधी दिसायचं आणि आवाज मागून यायचा. एक पायवाट वर चढून झाडीत शिरत होती आणि पुढं कुठं जाते ते दिसत नव्हतं.

"काय पाहून राह्यलात एवढं?" त्यांनी विचारलं. तेव्हा ते मला अहोजाहो करायचे.

मी विचारलं, "ती वाट कुठं जाते?"

"वर गाव आहे एक. तिथं काय न्हाई पाहायला."

"पलीकडं जायला नाव कधी सुटते?"

ते हसले, पण मी खरंच विचारत होते.